जुन्या एमजीएचे दिवे: मूळचेच सुधारावेत की नवे बसवावेत?

खोर्लेकर

नमस्कार मंडळी. मामांची १९५८ची एमजीए १५००, म्हणजे एमजी कंपनीची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी, आता माझ्याकडे आली आहे. गाडी मुक्तीपूर्वीच गोव्यात उतरलेली, पुढे बरीच वर्षं साळगावला घरामागच्या शेडमध्ये उभी. मडगावच्या मेस्त्रींनी इंजिन सुरू करून दिलं, ब्रेकचं काम झालं, आता गाडं अडलंय ते दिव्यांपाशी.

दोन्ही हेडलाइट लागतात, पण उजेड पिवळट आणि इतका कमी की संध्याकाळी पर्वरीच्या चढावर पुढची स्कूटर दिसत नाही. डाव्या दिव्याच्या रिफ्लेक्टरवर काळे डाग आहेत, उजव्यात पावसाळ्यात पाणी साचलं होतं. मागच्या एका लाल भिंगाला तडे गेलेत. शिवाय एक कोडं: इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला की एक बाजू लुकलुकते आणि दुसरी नुसती पेटून राहते. वायरमन म्हणतो, मधला तो डबा काढून टाका, सगळं वायरिंग नवीन करू.

तयार ७ इंची एलईडी दिवे म्हापशात मिळतात, तासाभरात बसतात म्हणे. माझं मन घेत नाही. पण गाडी नुसती झाकून ठेवायची नाहीये. रविवारी फोंड्याला, कधी चोर्ला घाटापर्यंत न्यायची आहे आणि परतताना अंधार होणारच. जुने दिवे सुधारून गाडी चालवण्याइतका उजेड खरंच मिळतो का? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

अबोली

फोटो टाका आधी! रंग कोणता?

मांडवीतीर

एलईडीचं नावही काढू नका. एमजीए १९५५ ते १९६२ एवढीच वर्षं बनली, त्यातली गोव्यात टिकलेली गाडी म्हणजे ठेवा आहे. पुढून पाहताना गाडीचा चेहरा दिव्यांनीच बनतो. ती फुगीर, उभ्या रेषांची काच गेली आणि तिथे मधमाशीच्या डोळ्यासारखा एलईडी आला की गाडी ओळखू येत नाही. मूळचे दिवे, मूळचे बल्ब, मूळचं वायरिंग. उजेड कमी असेल तर दिवसा चालवा.

डायनामो

खोर्लेकर बाब, दिव्यांना हात लावण्याआधी मल्टिमीटर घ्या. माझी सगळी नोकरी ऑटो इलेक्ट्रिकमध्ये झाली. जुन्या इंग्रजी गाड्यांचा उजेड कमी असतो तेव्हा दोष बहुतेक वेळा दिव्यात नसून बॅटरी ते बल्ब या वाटेत असतो. तुमच्या गाडीत ही वाट लांबलचक आहे. सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तिथून पुढे स्टार्टरकडे, मग कंट्रोल बॉक्स (चार्जिंग सांभाळणारा), डॅशवरचा स्विच, पायाखालचा डिपर स्विच, पुढे गोळीसारखे कनेक्टर, बल्ब, आणि परत बॉडीतून बॅटरी. प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं व्होल्टेज सांडतं.

मोजायचं असं. इंजिन जरा वाढवून ठेवा, डिपर लावा. आधी बॅटरीचं व्होल्टेज घ्या, मग बल्बच्या होल्डरवरचं. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर शोधाशोध सुरू करा. मग मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीतून परत नेणाऱ्या, वायरीवर आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकावर धरा. तिथे जे दिसेल ते निव्वळ अर्थमध्ये वाया जातंय. गोव्याच्या हवेत बहुतेकदा इथेच पकडला जातो चोर.

एवढं महत्त्व का, तर बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२ ऐवजी १०.५ व्होल्ट पोचले तर उजेड ६४ टक्क्यांवर येतो. तिसरा हिस्सा गेला, आणि दोष मात्र लागला रिफ्लेक्टरला!

वायरिंग उपटू नका. या गाड्यांचं इलेक्ट्रिकचं सामान लुकास या इंग्रजी कंपनीचं, आणि तिच्या वायरींचे रंग ठरलेले आहेत: तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट, पांढरा इग्निशनचा, हिरवा इग्निशननंतर फ्यूजमधून आलेला, लाल पार्किंग आणि टेललाइटचा, निळा हेडलाइटचा. निळ्यावर पांढरी रेघ असेल तर अप्पर, लाल रेघ असेल तर डिपर. काळा अर्थ. एकदा हे डोक्यात बसलं की पूर्ण गाडी वाचता येते. वायरमन सगळीकडे लाल-काळी वायर ओढून गेला की पुढच्या माणसाला काही कळत नाही.

आता तो डबा. तो डीबी१० रिले (करंटवर चालणारा स्विच) आहे आणि तुमच्या वर्णनावरून ठणठणीत चालतोय. एमजीए १५०० मध्ये मागचा ब्रेक लाइट आणि इंडिकेटर एकाच बल्बच्या एकाच फिलामेंटवर चालतात. डावा इंडिकेटर चालू असताना ब्रेक दाबला तर डाव्या बाजूने लुकलुकायचं आणि उजवीने स्थिर पेटायचं, हीच त्या डब्याची कामगिरी. आतले कॉन्टॅक्ट हलक्या हाताने साफ करा, बाकी काही नको.

अबोली

डायनामोकाका, वाचनखूण साठवली. एक शंका: बॉडीला अर्थ जोडलेला असताना तो खराब कसा होतो? लोखंडच आहे ना ते?

डायनामो

लोखंड आहे, पण त्यावर रंग आहे. लोक हौसेने हेडलाइटची वाटी (दिवा ज्यात बसतो तो पत्रा) पावडर कोटिंग करून आणतात आणि नट-बोल्ट त्यावरच आवळतात. कोटिंग म्हणजे उत्तम इन्सुलेशन! बोल्टखाली नाण्याएवढा पत्रा उघडा करायचा, दातेरी वॉशर टाकायचा, आवळल्यावर वरून ग्रीस. किनारपट्टीवर आणखी एक भानगड असते. वायर बाहेरून नवी दिसते, पण सोलली की आत तांबं हिरवं-काळं. टोकापासून आत आत चढत जातं ते. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं.

सुरंगी

आमच्याकडे बाबांची १९४८ची टीसी आहे, एमजीचीच एमजीएहून जुनी गाडी. तिच्या दिव्यांचं काम मी पुढे होऊन करून घेतलं, म्हणून रिफ्लेक्टरबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे.

रिफ्लेक्टर क्रोम करून आणू नका. प्लेटिंगवाला सांगेल, ‘आरशासारखं करून देतो’. दिसायला दिसतं तसं, पण क्रोम पडणाऱ्या उजेडातला साधारण ६० ते ६५ टक्केच परत फेकतो. जुन्या दिव्यांना चांदीचा मुलामा असे. ताजी चांदी ९५ टक्क्यांच्या आसपास देते, पण हवेतल्या गंधकाने काळी पडते. त्या डाव्या दिव्यातले डाग बहुधा तेच. तिसरी वाट म्हणजे निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवणं, ज्याला मेटलायझिंग म्हणतात. ते ८५ ते ९० टक्के देतं आणि चांदीसारखं काळवंडत नाही. गाड्यांच्या दिव्यांचे आजचे रिफ्लेक्टर असेच बनतात.

आम्ही मेटलायझिंग निवडलं. काम पुण्याकडे करून घेतलं. आधी जुना मुलामा पूर्ण उतरवतात, पत्र्याचे पोचे काढतात, मग बेस कोट, भट्टीत वाळवणं, वाफ, आणि शेवटी पारदर्शक लेप. बेस कोटखाली राहिलेला बारीकसा ओरखडाही नंतर उठून दिसतो. म्हणून पाठवण्याआधी पत्रा आपण डोळ्यांनी तपासायचा, त्यांच्यावर सोडायचा नाही.

परत आल्यावर आतल्या बाजूला बोट लावू नका, फडका तर मुळीच नको. माझ्या भावाने प्रेमाने मायक्रोफायबरने पुसला आणि गोल गोल रेघा कायमच्या उमटल्या. धूळ असेल तर हवेच्या फुग्याने उडवा.

टीसीच्या दिव्यांची बाहेरची कवचं पितळेची आहेत. एकाला चांगलाच पोचा होता. डेंटर म्हणाला पुट्टी भरतो. आम्ही ते डिचोलीला समया घडवणाऱ्या कांसारांकडे नेलं. त्यांनी आधी पितळ तापवून मऊ केलं, आत लाकडी ठोकळा धरला आणि बाहेरून लाकडी हातोडीने इतक्या हळू ठोकलं की टकटक ऐकू यायची, पण पत्रा हलताना दिसायचा नाही. पोचा कुठे होता ते निकेल-क्रोम झाल्यावर बाबांनाही सांगता आलं नाही. पितळेचं काम पिढ्यान् पिढ्या करणारे हात आपल्याच गोव्यात असताना पुट्टी कशाला?

एक इशारा मात्र देते. टीसीची काच आणि रिफ्लेक्टर वेगवेगळे निघतात. एमजीएच्या युनिटमध्ये, म्हणजे दिव्याच्या आतल्या अख्ख्या भागात, काच रिफ्लेक्टरला पक्की चिकटवलेली असते. ती सोडवताना फुटण्याचा धोका मोठा आहे. आधी नीट बघा.

पातमार

+१ कांसारांना. आमच्या होडीचे पितळी कंदीलही तिथेच जातात.

कोल्हापुरी_बोअर

दिव्यांचं नाही, पण एमजीए म्हटल्यावर राहवेना. खोर्लेकर, तुमच्या गाडीचं १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बॅसडरच्या घराण्यातलंच. ॲम्बॅसडरमध्ये हेच १४८९ सीसी वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे बरेच सुटे भाग आजही आपल्याकडे मिळू शकतात. मात्र डोळे मिटून बसवू नका. एमजीएचं कॉम्प्रेशन जास्त, कॅमशाफ्ट वेगळा, कार्ब्युरेटर दोन. जुना भाग शेजारी ठेवून मोजा आणि मगच पैसे द्या. बोअरिंग, हेडचं काम निघालं तर कोल्हापूर-बेळगावला या, इथे ओतकाम आणि मशिनिंगला तोटा नाही.

आणि पेट्रोलचं बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, मऊ होतात. इंजिनच्या बाजूच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. एसयू कार्ब्युरेटरच्या सीलांवरही नजर ठेवा. दिवे मंद असले तर गाडी हळू जाईल, पण गरम सायलेन्सरवर पेट्रोल ठिबकलं तर आग लागेल.

मांडवीतीर

नळ्यांशी सहमत. तिथे मूळचं जपण्याचा आग्रह मी धरत नाही.

चोर्ला

मांडवीतीर, मग दिव्यांबाबतही तोच न्याय लावा. ‘दिवसा चालवा’ हे उत्तर होत नाही. साखळी गावाहून चोर्ला घाट चढताना पावसाळ्यात दुपारी तीनला धुकं उतरतं. समोरून खाली येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसला नाहीत तर मूळची काच कुणाच्या उपयोगाची? या गाडीचं नाक जमिनीला टेकलेलं, मागचे दिवे लिंबाएवढे. मी मागून अशा गाडीजवळ आलो आहे. ब्रेक लागल्याचं कळायला फार उशीर होतो.

माझं मत: पुढे एच-४ (अप्पर-डिपर एकत्र असलेला हॅलोजन) बल्ब बसणारं काचेचं ७ इंची युनिट, ६०/५५ वॉट, त्याहून जास्त नाही. बुलेटला, जीपला, ॲम्बॅसडरला याच मापाचे दिवे. जुन्या धर्तीची फुगीर काच असलेलं युनिट मिळतं. बाहेरची क्रोमची रिंग आणि वाटी मूळचीच ठेवायची. जुनी युनिट नीट गुंडाळून कपाटात. चेहरा तोच राहतो.

वकीलबुवा

नोंदणीची काळजी असेल तर: २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी-चारचाकी त्यात येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत, असं त्यात आहे. नव्या नोंदणीला २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार शुल्क आणि मुदत १० वर्षं. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पण आधीच नोंदणी असलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो. मात्र या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तुमची सध्याची नोंदणी चालू असेल तर घाई करू नका, आधी कागद बघा. रिले किंवा बल्ब बदलल्याने गाडीचं मूळ स्वरूप जातं असं मला वाटत नाही.

चोर्ला

एक महत्त्वाचं राहिलं. युनिट घेताना काच डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची आहे ना ते बघा. डिपरचा उजेड एका बाजूला वर चढतो. आपल्याकडे तो डावीकडे, रस्त्याच्या कडेला चढायला हवा. युरोपातून मागवलेली काच तोच उजेड उजवीकडे, समोरच्याच्या डोळ्यांत फेकते. गाडी भिंतीपासून २५ फुटांवर सपाटीला उभी करा आणि दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या जरा खाली आणि चढ डावीकडे दिसला पाहिजे. टाकीत पेट्रोल आणि सीटवर माणूस ठेवूनच तपासा, रिकाम्या गाडीचं नाक वेगळ्या उंचीवर असतं.

रानमोगरी

पण पोर्तुगीज काळात गोव्यात गाड्या उजव्या बाजूने चालायच्या ना? मग मूळची काच उजवीकडचीच असणार.

पातमार

नाही हो. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोवा डाव्या बाजूनेच चालत राहिला, कारण आजूबाजूला सगळा डावीकडून चालणारा मुलूख. आमचे आजोबा बेतूलहून मडगावला डावीकडूनच जात. मात्र डाव्या स्टिअरिंगच्या गाड्याही तेव्हा आल्या होत्या. तेव्हा काच तपासायचीच.

खोर्लेकर, तुमच्या गाडीतल्या पायाखालच्या फळ्या पाहिल्यात का? एमजीएची जमीन प्लायवूडची असते. दिव्यांत पाणी शिरलंय म्हणजे तिथेही शिरलं असणार. साधं प्लाय दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. होड्यांना वापरतात ते मरीन प्लाय घ्या. भोकं पाडून झाल्यावर, बसवण्याआधी, प्रत्येक कडेला आणि भोकाच्या आतल्या बाजूला इपॉक्सी पाजा. पाणी कायम कडेतून शिरतं. बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे, ते लोखंडाला जिथे टेकतं तिथे मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती हवी. खाऱ्या हवेत या दोन धातूंचं जमत नाही, ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं.

अबोली

मग टेललाइटला तरी एलईडी बल्ब चालेल ना? चोर्ला म्हणतात तसं मागच्याला दिसणं महत्त्वाचं.

डायनामो

अबोली, चालेल, पण तीन गोष्टी बघून. पहिली, या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. साधा एलईडी बल्ब उलटा लागतो आणि पेटतच नाही. पॉझिटिव्ह अर्थचे मुद्दाम मागवावे लागतात. दुसरी, इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर आतली पट्टी तापून चालतो. त्याला २१ वॉटच्या बल्बांचा करंट लागतो. एलईडी लावला की पट्टी तापत नाही आणि इंडिकेटर अडकतो. तिसरी, लाल भिंगामागे लाल एलईडीच घ्या. पांढऱ्याचा बराचसा उजेड भिंगातच अडतो.

पुढच्या दिव्यात फिलामेंटच्या जागी एलईडी कोंबण्याला माझा विरोध आहे. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. जागा हलली की उजेड सगळीकडे उधळतो आणि समोरचा आंधळा होतो.

चोर्लांच्या एच-४ ला माझा पाठिंबा, मात्र रिले लावूनच. अप्परला १२० वॉट म्हणजे १० अँपिअर, आणि ते सगळे साठ वर्षांच्या स्विचमधून न्यायचे नाहीत. अप्परला एक, डिपरला एक असे दोन रिले घ्या. जुनी निळी वायर फक्त रिले चालवेल, दिव्याला बॅटरीचा थेट करंट जाड वायरीतून द्या. या गाडीत मुळात दोनच फ्यूज, हेडलाइटला एकही नाही, म्हणून नव्या वायरीला फ्यूज हवाच. रिले आत डायोड नसलेला घ्या, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थला अडचण नाही. आणि गाडीतल्या वीज बनवणाऱ्या डायनामोची मर्यादा लक्षात ठेवा: साधारण २० अँपिअर, तेही इंजिन फिरत असताना. सिग्नलला आयडलिंगवर तो जवळजवळ काहीच देत नाही.

खोर्लेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. डायनामोकाकांच्या पद्धतीने मोजलं. बॅटरीवर १२.३, बल्बवर १०.१. अर्थच्या बाजूला १.३ व्होल्ट जात होते, बाकीचे ०.९ स्विच आणि कनेक्टरमध्ये. दोन्ही वाट्यांचे बोल्ट काढले तर खाली हिरव्या रंगाचा जाड थर, कुणीतरी गाडी रंगवताना बोल्टसकट फवारलेलं. पत्रा उघडा करून आवळल्यावर अर्थमधली घट ०.१ व्होल्टवर आली. जुना बल्ब, डागाळलेला रिफ्लेक्टर तोच, आणि तरी समोरच्या कुंपणाचे चिरे मोजता आले. घरातले सगळे बाहेर येऊन बघत होते.

आता ठरवलंय: एच-४ चं डाव्या वाहतुकीचं काचेचं युनिट, दोन रिले, रिंगा आणि वाट्या मूळच्या. डीबी१० जागेवरच राहणार. उजवं जुनं युनिट उघडत नाही, ते तसंच जपून ठेवतो. डाव्याची काच मात्र आधीच सुटी झाली होती, त्याचा रिफ्लेक्टर मेटलायझिंगला देता येईल. मांडवीतीर, तुम्हाला पटेल अशी आशा आहे.

तड्यांच्या भिंगाचं काय करू?

मांडवीतीर

पटलं. जुनी युनिट टाकून देत नाही आहात आणि परत बसवता येतील असं काम करताय, एवढंच मला हवं होतं. अर्थचं वाचून मीही माझी गाडी मोजणार.

भिंगाचं: प्लास्टिकचं असेल आणि तडे वरवरचे असतील तर पाणी लावून १०००, मग १५००, मग २००० नंबरचा वॉटर पेपर आणि शेवटी प्लास्टिकचं पॉलिश. आरपार तडा असेल तर सुधारण्यात अर्थ नाही, पाणी आत जाऊन होल्डर गंजतो. नवं घ्या. बसवताना खालचं रबरही नवं घाला आणि पाणी निघायचं भोक असेल तर ते मोकळं ठेवा.

सुरंगी

खोर्लेकर, एकटा रिफ्लेक्टर पाठवू नका. मेटलायझिंगवाले पेटी भरेल इतकं काम आलं की मगच भट्टी लावतात, सुट्या नगाला महिनोन् महिने थांबवतात. मला टीसीचे मागचे दोन छोटे रिफ्लेक्टर द्यायचेच आहेत. आणखी कुणाचे असतील तर चतुर्थीनंतर एकत्रच पार्सल करू. मुलामा कुणी घरी खरवडू नका, आहे तसेच द्या. प्रत्येकावर मागच्या बाजूने नाव कोरा, कागदाची चिठ्ठी ॲसिडमध्ये जाते.

मांडवीतीर

माझे दोन.

पातमार

होडीच्या सर्चलाइटचा एक चालेल का? व्यास ९ इंच.

सुरंगी

चालेल. पत्रा पितळेचा आहे की लोखंडाचा ते चुंबक लावून बघून कळवा, त्यांना आधी सांगावं लागतं. कुठे आणून द्यायचे ते सगळ्यांना व्यक्तिगत निरोपात कळवते.